मैदामामांची भरड

मैदामामांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस शोधून सापडलं नसतं. चौकामागच्या अरुंद गल्लीत त्यांची पिठाची गिरणी होती. तिथून निघालेलं पीठ इतकं मऊ असायचं की बाया डबा उचलण्याआधी चिमूटभर बोटांवर घेऊन बघायच्या आणि नकळत हसायच्या. गल्लीतल्या पोरांनी त्यावरून त्यांचं मैदामामा करून टाकलं. मग पोरांच्या आया तसंच म्हणू लागल्या, आणि शेवटी त्यांच्या माघारी खुद्द त्यांच्या सासूबाईंच्या तोंडीही तेच बसलं.

माणूस उंच, हडकुळा, भुवयांवर कायम पिठाचा थर. गिरणीच्या घरघरीत उभं आयुष्य गेल्यामुळे बोलणं ओरडल्यासारखं. एखादं गुपित सांगायला गेले तरी ते समोरच्या इमारतीत ऐकू जायचं. दळणाच्या बाबतीत मात्र फार हळवे. पट्टा फिरायला लागला की पहिली धार अंगठा आणि बोटाच्या मध्ये घ्यायची, डोळे मिटून चोळायची, मग दगड केसभर जवळ आणायचे. झिजलेले दगड टाकी लावून परत खरखरीत करायचं कामही त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

पुढे दुकानादुकानांत पिठाच्या तयार पिशव्या आल्या आणि गिरणीसमोरची डब्यांची रांग हळूहळू आखडत गेली. एक दिवस असा उजाडला की मामांनी सकाळी दार उघडलं, दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले आणि काहीही न दळता दार लावून घरी आले.

मामी तेव्हा कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी नवऱ्याचे हात बघितले. हातांना पीठ नव्हतं.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं," मामा म्हणाले.

"मग आता घरात बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटणार असाल, तर त्यापेक्षा आईकडे चला."

मामींची आई शहराबाहेर डुकरं पाळायची. विटांच्या भिंतींच्या, पत्र्याच्या छपराच्या लांबलचक शेड, सिमेंटची उतरती जमीन, लोखंडी फाटकांचे खण, खणाखणाला पाण्याची तोटी. नवरा लवकर गेल्यावर त्या बाईने हे सगळं एकटीने उभं केलं होतं. आता तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. ती शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायची आणि तिथून हुकूम सोडायची. मामी तिची एकुलती एक मुलगी, डुकरांमध्येच वाढलेली. त्यांनी तिथे पाऊल टाकलं तेव्हा जणू सकाळीच बाहेर जाऊन परत आल्यासारख्या कामाला लागल्या.

पंचाईत मामांची झाली. कुठली मादी माजावर आहे, कुठलं पिल्लू दुधाला मागे पडतंय, नुसत्या ओरडण्यावरून भूक कुठली आणि भांडण कुठलं, हे मायलेकींना न बघता कळायचं. मामांना सगळी डुकरं सारखीच दिसत. पाण्याची तोटी दुरुस्त करायला वाकले तर मागून एका धटिंगणाने ढुशी देऊन त्यांना खाद्याच्या दोणीत बसवलं. सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"जावईबापू," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्ही आपले लांबूनच बघत जा."

हे मामांना लागलं. या वयात बायकोच्या माहेरी शोभेची वस्तू होऊन राहायचं त्यांच्या जिवावर आलं. तेव्हा त्यांनी आपल्याला येत होतं तेच काम हुडकून काढलं. डुकरांचं खाद्य तोवर बाहेरून तयार यायचं, जाडंभरडं, मक्याचे कण दातांखाली कचकच वाजतील असं. मामांनी मूठभर हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

"याला दळण म्हणतात?"

"त्यांना चालतं," मामी म्हणाल्या.

"चालतं म्हणून काय झालं? त्यांना काय चव कळत नाही?"

शेडच्या टोकाला एक खोली रिकामी होती. मामांनी तिथे एक जुनी खाद्याची गिरणी आणून बसवली. या गिरणीत दगड नसतात. आत पोलादी पट्ट्या गरगर फिरतात, दाणा फोडतात, आणि खाली बसवलेल्या जाळीच्या भोकांतून जेवढं पडेल तेवढं पडतं. भोकं मोठी तर भरड, भोकं बारीक तर पीठ. मामांनी बाजारातली सगळ्यात बारीक जाळी आणली. मका, जव, सोयाबीनची पेंड, सगळं तिच्यातून असं काढलं की मूठ मिटली तर बोटांचे ठसे उमटावेत.

आणि खरंच, डुकरं त्या खाद्यावर तुटून पडली. दोणीचा तळ चाटूनपुसून लख्ख. वाढीची पिल्लं भराभर अंग धरू लागली, खाद्यही आधीपेक्षा कमी लागू लागलं. सासूबाई कौतुकाच्या बाबतीत हात फार आखडता घेणाऱ्या. त्यांनी एका संध्याकाळी मामांना जवळ बोलावलं, त्यांच्या बाहीवरचं पीठ झटकलं आणि म्हणाल्या, "छान दळता हो तुम्ही. माझ्या डुकरांना इतकं चांगलं कुणी घातलं नव्हतं."

मामा त्या रात्री जेवताना एकटेच हसत होते. मामींनी विचारलं तर म्हणाले, "काही नाही, मीठ बरोबर पडलंय."

उन्हाळा तापला तेव्हा पहिली आजारी पडली ती मास्तरीण.

मास्तरीण ही कळपातली सगळ्यात जुनी मादी. कान लोंबते, चाल संथ, आणि शिस्त अशी की तिचं खाऊन झाल्याशिवाय शेजारची दोणीत तोंड घालत नसे. ती आता दोणीपाशी यायची, दोन घास घ्यायची आणि मागे सरायची. कोपऱ्यात पाठ वाकवून उभी राहायची आणि दात करकरा खायची. मामींनी तिचा कान उलटा करून उजेडात धरला. एरवी गुलाबी दिसणारा कान कागदासारखा पांढरा होता.

"अहो, हिच्या लेंड्या बघितल्यात का?" त्यांनी हाक मारली. "डांबराच्या गोळ्या आहेत नुसत्या."

जनावरांची डॉक्टर आली. तरुण बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस मागे घट्ट बांधलेले. बोलायची कमी आणि बघायची जास्त. तिने मास्तरिणीला धरून ठेवायला कुणाला सांगितलं नाही. स्वतःच खणात उकिडवी बसली आणि मास्तरीण जवळ येईपर्यंत थांबली. ताप बघितला, तो नव्हता. हिरड्या बघितल्या, पापण्या उलटून बघितल्या, लेंडी हातमोज्यावर चिरडून वास घेतला.

"रक्त आहे हे," ती म्हणाली. "आतलं. पचून काळं झालंय. वरच्या बाजूला कुठेतरी वाहतंय. जंत असू शकतात, आतड्याचा एखादा रोगही असू शकतो. मी नमुना तपासायला नेते, तोवर जंताचं औषध देऊन ठेवते. हिला वेगळी ठेवा, आणि दुसऱ्या कुणाची विष्ठा अशी दिसली तर लगेच सांगा."

जाताना तिने खाद्यात काही बदल केलाय का, असंही विचारलं. "आता घरचंच दळतो," मामी म्हणाल्या. "मऊ, ताजं." मोबाईल वाजला, कुठेतरी एक गाय अडली होती, आणि डॉक्टर धावत गाडीकडे गेली.

नमुन्यात जंत निघाले नाहीत. रोगाचे जंतूही निघाले नाहीत. तोवर वाढीच्या खणातही दोघातिघांचे कान पांढरे पडायला लागले होते. एका शेडचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, त्यामुळे त्या खणात दाटी होती. दुपारच्या उकाड्यात डुकरं खायची नाहीत, आणि ऊन उतरलं की एकदम झुंबड उडायची.

मामांची झोप उडाली. मायलेकी आपापल्या परीने धडपडत होत्या, फरशी धूत होत्या, चुना मारत होत्या. मामांना वाटलं आपणही काहीतरी करायला हवं. आजारी माणसाला आपण काय देतो? हलकं, मऊ, गिळायला सोपं. मामांनी जाळी काढून घासली, परत बसवली आणि खाद्य दोनदा दळायला घेतलं. एकदा निघालेलं पीठ परत वरून ओतायचं. दुसऱ्यांदा जे खाली पडायचं ते हवेत तरंगायचं. मास्तरिणीच्या पुढ्यात ते पातेलीभर स्वतः घेऊन जायचे, पाण्यात कालवून.

"घे गं," ते तिला म्हणायचे, त्यांच्या त्या अख्ख्या शेडभर घुमणाऱ्या हळू आवाजात. "दात लावायचीसुद्धा गरज नाही बघ."

काही दिवसांनी सकाळी मामी वाढीच्या खणात गेल्या तर एक चांगलं धष्टपुष्ट डुक्कर कुशीवर पडलेलं. आदल्या संध्याकाळी ते इतरांबरोबर खाताना दिसलं होतं. अंगावर ओरखडा नाही, तोंडाला फेस नाही. फक्त रंग असा, की कुणीतरी त्यातलं सगळं रक्त ओतून घेतलंय.

डॉक्टर आली ती आपली पेटी घेऊनच. अंगणात पाण्याच्या नळाजवळ जाड कागद अंथरला, त्यावर मेलेलं डुक्कर ठेवलं, आणि तिने ते उघडलं. सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढायला लावली. मामा भिंतीला टेकून उभे होते. बघवतही नव्हतं आणि जाववतही नव्हतं.

"आतडी ठीक आहेत," डॉक्टर स्वतःशी बोलत होती. "यकृत फिकं, फुप्फुस फिकं. सगळं फिकं." मग तिने पोटाची पिशवी बाहेर घेतली. ती जड होती. कापल्याबरोबर आतून रक्ताच्या काळ्या गुठळ्या आणि पातळ पेज बाहेर आली.

तिने पिशवी उलटी करून नळाखाली धुतली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"हे बघा. अन्ननलिका पोटात उतरते ती ही जागा. इथे एवढा पट्टा पांढरा, गुळगुळीत, चकचकीत असायला हवा. आणि इथे काय आहे?"

तिथे पट्टा नव्हताच. एक खड्डा होता, कडा जाड झालेल्या, मध्ये फाटलेली शीर.

"अल्सर," ती म्हणाली. "पोटाला आतून पडलेली जखम म्हणा ना. आरपार नाही, पण रक्तवाहिनीपर्यंत गेली." मग ती थांबली. कापलेल्या पिशवीतून ओघळलेली पेज तिने बोटावर घेतली, अंगठ्याने चोळली. त्यात कण नव्हता. "मला तुमचं खाद्य बघू द्या."

मामा धावत गेले आणि घमेलं भरून घेऊन आले. डॉक्टरने हात घातला. तिचा हात मनगटापर्यंत बुडाला आणि वर येताना पांढरा होऊन आला.

"हे कुणी दळलं?"

"मी," मामा म्हणाले. आणि सवयीने, आयुष्यभराच्या सवयीने, त्या शब्दाला थोडी ऐट आलीच.

डॉक्टरने हातमोजे काढले, हात धुतले, आणि मग त्यांच्याजवळ येऊन बोलली.

"काका, डुकराच्या पोटात खालच्या बाजूला आम्ल तयार होतं. तिथल्या अस्तराला ते सोसतं, कारण त्याच्यावर बुळबुळीत लेप असतो. हा वरचा पट्टा मात्र उघडा आहे. खाद्य भरड असलं तर ते पोटात गोळा होऊन बसतं, आम्ल खालच्या खाली राहतं. खाद्य पिठासारखं असलं की सगळं पाणी होतं. डुक्कर हललं की ते आम्ल वर हिंदकळतं आणि हा पट्टा खात सुटतं. त्यात हा उकाडा, ही दाटी, दुपारभर रिकामं पोट. सगळं एकावर एक आलं."

मामांनी घमेल्याकडे बघितलं.

"म्हणजे मी जितकं बारीक केलं..."

"हो," ती म्हणाली. तिने ते झाकलं नाही. "पण पहिल्या दिवशी खाद्य माझ्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. मी घाईत गेले. ते माझ्याकडून राहिलं."

मामा गिरणीच्या खोलीत जाऊन बसले. पोत्यावर, गुडघ्यांवर हात ठेवून. बराच वेळ झाला तसं मामी बोलवायला आल्या.

"अहो, जेवायला चला."

"मी मारलं गं त्याला."

मामी त्यांच्या शेजारी पोत्यावर टेकल्या. खोलीत सगळीकडे पिठाचा थर होता, कठड्यावर, तारेवर, कोळ्याच्या जाळ्यावर.

"तुम्ही लाड केलेत," त्या म्हणाल्या. "आमच्यात कुणी डुकरांचे लाड करत नाही, म्हणून आम्हाला कळलं नाही त्याने काय होतं ते."

"दोनदा दळत होतो. आजारी आहेत म्हणून दोनदा."

"माहितीय मला. आवाज येत होता की."

दारात काठी वाजली. सासूबाई खुर्ची सोडून, लेकीचा आधार नसताना, अंगण ओलांडून आल्या होत्या. धापा टाकत होत्या. मामा चटकन उठून उभे राहिले. आता काय ऐकायला लागणार म्हणून त्यांनी मानच खाली घातली.

"मी म्हणाले होते ना तुम्हाला, छान दळता म्हणून?" सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं डुकरं पाळली, मला कळायला नको होतं? ती चकाचक दोण बघून मीच हुरळले. तेव्हा सगळा दोष एकट्याने घेऊन बसू नका, थोडा आम्हालाही ठेवा. आणि उठा. ती डॉक्टरीण काय काय सांगतेय, मला एकटीला लक्षात राहणार नाही."

डॉक्टरने बरंच सांगितलं. बाहेरचं भरड खाद्य लगेच मागवायचं. खणाखणात स्वच्छ पेंढा टाकायचा, डुकरं तो चघळतील, पोटात काहीतरी जाडंभरडं जाईल. दोण फार वेळ कोरडी राहू द्यायची नाही, थोडं थोडं पण पुन्हा पुन्हा घालायचं. वाढीच्या खणातली दाटी मोडायची, पत्र्यावर दुपारी पाणी मारायचं. पांढरी पडलेली जनावरं हाकायची नाहीत, पळवायची नाहीत, नुसत्या धक्क्याने जखम परत वाहू शकते. अशक्तांना तिने लोहाची आणि जीवनसत्त्वांची इंजेक्शनं दिली. आम्ल कमी करणारं औषध मास्तरिणीसाठी देऊ म्हणाली, पण भरवसा त्यावर ठेवू नका असंही म्हणाली.

"वाचेल ना?" मामांनी विचारलं.

"सांगता येत नाही, काका. जखम भरली तरी तिथे व्रण आवळतो, पोटाचं तोंड अरुंद होतं. मग काही जणी खाल्लेलं बाहेर काढतात. पण बाकीच्या बहुतेक वाचतील. त्यांची सुरुवात आहे."

पुढच्या खेपेला ती चाळण्यांचा संच घेऊन आली. गोल पितळी चाळण्या, एकात एक बसणाऱ्या, वरची मोठ्या भोकांची आणि खाली उतरत बारीक. मामांच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी चमक आली. तिने मूठभर खाद्य वर टाकलं, हलवलं, आणि एकेक चाळणी वेगळी करून दाखवली.

"सगळं बारीक नको. सगळं जाडही नको, नाहीतर दाणा तसाच्या तसा मागून बाहेर पडतो. बहुतेक खाद्य या मधल्या दोन चाळण्यांवर राहायला हवं, आणि तळाला धुरळा अगदी थोडा. जमेल?"

"भरडच काढायची आहे ना? भरड काय, कुणीही काढेल," मामा म्हणाले.

पण ते जमेना. मोठ्या भोकांची जाळी लावली तर काही दाणे फुटायचेच नाहीत आणि काहींचा भुगा व्हायचा. तळाच्या चाळणीत धुरळ्याचा ढीग. मामांनी डोकं धरलं. हात बारीक दळायला शिकलेले. एकसारखं जाड ठेवायचं म्हणजे काय, हे त्यांनी कधी केलंच नव्हतं. एकदा तर मशीन चालू असताना त्यांचा हात आपोआप जाळी अडकवणाऱ्या खिळीकडे गेला आणि मामी ओरडल्या, "हात मागे!"

मग त्यांनी मशीन पुरती उघडली. आतल्या पोलादी पट्ट्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या. बोथट पट्टी दाणा कापत नाही, रगडते, आणि रगडलं की धुरळा होतो. मामांनी नव्या पट्ट्या घातल्या. चाक बदलून वेग उतरवला. मशीनचा आवाज बसला. मामा कान लावून ऐकत राहिले, आणि पट्ट्यांवर दाणा फुटण्याचा तो कोरडा, सुटा आवाज आला तेव्हा त्यांनी मशीन थांबवून चाळण्या मांडल्या. मधल्या दोन चाळण्या भरल्या होत्या. तळाशी चिमूटभर.

त्यांनी ती भरड अंगठा आणि बोटांमध्ये घेतली. टोचली. ते मामींकडे बघून म्हणाले, "काय भिकार लागतंय गं हाताला."

"तुम्हाला खायचंय का ते?" मामी म्हणाल्या.

वाढीच्या खणातलं आणखी एक डुक्कर गेलं. त्यानंतर कुणी गेलं नाही. मामा रोज सकाळी सगळ्यांत आधी लेंड्या बघत फिरायचे, इतक्या बारकाईने की सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आता त्याही चाळून बघणार काय?" हळूहळू रंग उतरला, काळ्याच्या तपकिरी झाल्या. कानांच्या कडांना गुलाबी झाक आली. दात खाण्याचा आवाज बंद झाला आणि त्याजागी पेंढ्याची कुरकुर ऐकू यायला लागली.

मास्तरिणीला वेळ लागला. ती दिवसचे दिवस पेंढ्यात पडून राहायची. मामा तिच्या दोणीत भरड थोडी थोडी टाकायचे, पाण्याची तोटी चालू आहे ना बघायचे, आणि तिच्याशी बोलायचे. माफीबिफी काही मागितली नाही. गल्लीतल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे, कोण डबा विसरून जायचं, कोण दुसऱ्याचंच पीठ उचलून न्यायचं. एक दिवस असं बोलत असताना त्यांचा बूट तिच्या दोणीच्या कडेला लागला. मास्तरिणीने मान वळवली आणि बूट दातांत धरून असा काही हिसका दिला की मामा फाटकावर आदळले.

"अगं, ये इकडे!" त्यांनी हाक मारली, आणि ती हाक नक्कीच रस्त्यापलीकडे गेली असणार. "मला मारलं तिने! मारलं मला!"

मामी फावडं घेऊन धावत आल्या. नवरा फाटकाला धरून उभा, बूट फाटलेला, आणि हसतोय.

मास्तरीण पूर्वीसारखी कधी झाली नाही. अधूनमधून खाल्लेलं थोडं बाहेर काढायची, अंगाने बारीकच राहिली. डॉक्टरने सांगितलं, हिला आता गाभण ठेवू नका. अशी मादी कुणी ठेवत नाही. सासूबाईंनी ठेवली. "शिस्त लावायला कुणी हवंच," म्हणाल्या.

थंडीच्या सुरुवातीला डॉक्टरची गाडी अंगणात थांबली, पण ती पेटी न घेता उतरली.

"काका, वेळ आहे? माझ्याबरोबर यायचंय. दोघं बहीणभाऊ आहेत, नवीनच डुकरं घेतलीत. स्वतः दळतात. तीन डुकरं पांढरी पडलीत. मी सांगून आले, पण भावाला पटत नाही. म्हणतो, बारीक खाद्यावर वाढ चांगली होते."

"होतेच की," मामा म्हणाले. "तीच तर गंमत आहे."

त्या बहीणभावाची शेड नवी होती, सिमेंटचा वास अजून गेला नव्हता. भाऊ हाताची घडी घालून उभा राहिला. चेहऱ्यावर हे कोण म्हातारं आणलंय असा भाव. मामांनी त्याला काही समजावलं नाही. त्यांनी खाद्याच्या पोत्यात हात घातला, पीठ चोळलं, आणि मनापासून म्हणाले, "वा. सुंदर दळलंय."

भावाची घडी थोडी सुटली.

"मीही असंच दळायचो," मामा म्हणाले. "याच्याहून बारीक. दोनदा. दोन मेली माझी. एकीला अजून उलट्या होतात." त्यांनी हात पँटला पुसला. "तुमची मशीन उघडू का?"

बहिणीने पाना आणून दिला. भाऊ आधी लांबून बघत होता, मग जवळ आला, मग जमिनीवर बसून मामांबरोबर पट्ट्या काढायला लागला. डॉक्टर तोवर खणांतून फिरून पांढऱ्या कानांच्या डुकरांना इंजेक्शनं देत होती. जुन्या जाळीच्या जागी मोठ्या भोकांची जाळी बसली, वेग उतरवला, आणि पहिली भरड घमेल्यात पडली तेव्हा भाऊ म्हणाला, "हे तर अगदीच ओबडधोबड आहे."

"सुरुवातीला मलाही राग यायचा त्याचा," मामा म्हणाले. "होईल सवय."

निघताना बहिणीने विचारलं, "पुढच्या आठवड्यात परत येऊन बघाल का? आम्हाला नक्की कळणार नाही बरोबर जमतंय का ते."

मामांनी डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टरने गाडीचं दार उघडता उघडता मान हलवली. "मला आणखी दोन ठिकाणी तुम्हाला न्यायचंच आहे," ती म्हणाली. "चाळण्या तुमच्याकडेच ठेवा."

परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. विणीच्या खणातून मामींचा आवाज आला, "अहो, हात धुऊन या लवकर!" एक तरुण मादी पहिल्यांदाच वीत होती. पेंढ्यात ओली, थरथरती पिल्लं पडली होती, आणि मामी एकेकाचं नाक-तोंड पुसून त्याला आचळाकडे लावत होत्या. त्यांनी मान वर न करता एक पिल्लू मामांच्या हातात दिलं.

"पुसा. चोळा जरा जोरात, श्वास घेऊ दे."

मामांनी फडक्यात धरून चोळलं. पिल्लाने अंग ताणलं आणि किंचाळलं. मामांनी ते इतरांच्या रांगेत सोडलं, दुसरं घेतलं, मग तिसरं. खुर्चीतून सासूबाईंनी ओरडून विचारलं, "किती झाली गं?"

"मोजू नकोस अजून," मामी म्हणाल्या. "येतायत."